डिग्रीसाहेबांची सुरमई

आमच्या डिग्रीसाहेबांनी आयुष्यात मासा कधी तोंडात घातला नाही. त्यांना पोहताही येत नव्हतं. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या सव्विसाव्या वर्षी, गल्फच्या इंटरव्ह्यूसाठी बार्शीहून मुंबईला आले तेव्हा. आणि तरीही मी दुबईत त्यांच्या हाताखाली जी आठ वर्षं काढली, त्यांतल्या प्रत्येक हिवाळ्यात हा माणूस दर शुक्रवारी न चुकता मासे धरायला जात होता.

त्यांच्याजवळ डिग्री नव्हती, हेही सांगून टाकतो. रेफ्रिजरेशनचा डिप्लोमा होता. नाव पडलं ते थर्मामीटरमुळे. इतरांच्या शर्टाच्या खिशाला पेन असायचं, यांच्या खिशाला लांब सळईचा थर्मामीटर. "साठ दिरहम. म्हणजे सातशे रुपये," असं ते नव्या माणसाला ओळख करून दिल्यासारखं सांगत. मग ती सळई कशातही खुपसत. चहात खुपसत, कँटीनच्या डाळीत खुपसत, उन्हात उभ्या गाडीच्या सीटवर टेकवत. मला पहिल्या दिवशी त्यांच्या केबिनमध्ये नेलं तेव्हा ते स्वतःच्या डब्यातल्या भाकरीचं तापमान घेत होते. वर न बघता म्हणाले, "एकतीस. बायकोनं साडेपाचला केलीय. बस की."

आमचं कोल्ड स्टोअर अल क्वोजमध्ये होतं. बाहेर अठ्ठेचाळीस, आत उणे अठरा. मधे फक्त एक दार. चिकन, मटार, मासे, आइस्क्रीम, सगळ्या दुबईचं पोट आमच्या सहा खोल्यांत गोठून पडलेलं असायचं, आणि त्या खोल्या गार ठेवणं हे मेंटेनन्सचं, म्हणजे डिग्रीसाहेबांचं काम. मी त्यांचा ट्रेनी इंजिनियर. पुण्याहून नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आलेला, चोवीस वर्षांचा आणि स्वतःला फार हुशार समजणारा.

त्यांचं एक वाक्य होतं. "थंडी म्हणून काही नसतंच. उष्णता काढून घेतली की मागे जे उरतं त्याला लोक थंडी म्हणतात." हे मला वाटलं कॉम्प्रेसरबद्दल आहे. मग एकदा बहिणीच्या साखरपुड्याला मॅनेजरने रजा नाकारली. मी तणतणत जागेवर आलो, कागद ओढला आणि राजीनामा लिहून साहेबांच्या टेबलावर आपटला. साहेबांनी तो शांतपणे वाचला. एका ठिकाणी स्पेलिंग दुरुस्त केलं. मग खुंटीवरचं जाड जॅकेट माझ्या अंगावर टाकून म्हणाले, "सही राहिलीय. पण आधी पाच नंबरमध्ये जा आणि मटाराच्या खोक्यांवरच्या तारखा बघून ये."

वीस मिनिटांनी बाहेर आलो तेव्हा नाकाचा शेंडा बधिर झाला होता. त्यांनी पेन पुढे केलं. माझी बोटंच वळेनात.

"जमत नाही?"

"नाही सर."

"मग उद्या कर."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने मला बोलावून चार दिवसांची रजा दिली. साहेब त्याच्याशी काय बोलले ते मला कधीच कळलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "तारखा बरोबर होत्या ना मटाराच्या?"

घरीही सळई खिशाला असायचीच. ऊद मेथाला, शाळांच्या जवळ, त्यांचा फ्लॅट होता. वहिनी साबुदाण्याची खिचडी करून मला अधूनमधून बोलवायच्या. मुलगी सातवी-आठवीत. जन्म इथलाच, त्यामुळे आईबाप मराठीत बोलायचे आणि ती इंग्रजीत उत्तरं द्यायची. साहेबांनी दुधाच्या ग्लासाकडे नुसता हात नेला तरी ती किंचाळायची, "बाबा, नो! डोन्ट पोक माय मिल्क!" वहिनी मला म्हणायच्या, "लग्नात अंतरपाट धरला होता ना, तेव्हा यांच्या खिशात काही नव्हतं हो. असतं तर मी तेव्हाच सावध झाले असते."

मासेमारीचा नाद त्यांना लावला तो बाबूने. बाबू आमचा फोर्कलिफ्ट ऑपरेटर. कोल्लमजवळच्या कोळीवाड्यातला, काळासावळा, आडव्या अंगाचा, बावीस वर्षं दुबईत काढलेला. अजमानला एक म्हातारा अरब नाखुदा त्याचा दोस्त होता. सत्तरीचा, पांढऱ्या दाढीचा, स्वतःची फायबरची बोट असलेला. बाबू शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, त्याच्याबरोबर समुद्रात जायचा. एकदा बाबूने कोल्ड स्टोअरमधून बर्फ मागितला, तर साहेबांना प्रश्न पडला, की हा बर्फ बोटीवर टिकतो किती वेळ? ते 'बर्फ बघायला' म्हणून गेले आणि मग जातच राहिले.

जमिनीवर साहेब वरिष्ठ आणि बाबू हाताखालचा. बोटीत पाय टाकला की उलटं. बाबू त्यांना 'सर'च म्हणायचा, पण ज्या सुरात म्हणायचा त्या सुराचा अर्थ 'गप बसा' असा होता. "सर, दोरी छोडो. सर, अभी मत खींचो. सर!" आणि साहेब लहान मुलासारखे ऐकायचे.

एका गोष्टीत मात्र ते कुणाचं ऐकत नसत. मोसम कधी सुरू करायचा ते थर्मामीटर ठरवणार. सप्टेंबर संपला की ते दर शुक्रवारी सकाळी बीचवर जाऊन, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून समुद्राचं तापमान घेत. पोहायला आलेल्या गोऱ्या बायका चमकून बघायच्या. पाणी अठ्ठावीसच्या खाली उतरलं की शनिवारी ऑफिसात येऊन जाहीर करत, "सीझन ओपन!" साधारण नोव्हेंबरच्या मध्यावर हे व्हायचं. त्याआधी कितीही विनवा. "अठ्ठावीसच्या वर मासाही टिकत नाही आणि माणूसही. भांडणं होतात." दुसरा नियम, बर्फाशिवाय मासा धरायचा नाही. पकडला की तो बर्फात गेलाच पाहिजे. नाहीतर ती मासेमारी नाही, नासाडी.

धरलेले मासे वहिनी घरात येऊ देत नसत. मग साहेब बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडून उभे राहायचे. वरच्या मजल्यावरची गोव्याची बाई, शेजारचे बंगाली, आमच्या बेडस्पेसमधली, म्हणजे भाड्याच्या खाटांच्या खोलीतली पोरं, सगळ्यांना वाटायचे. प्रत्येक माशाबरोबर तापमान सांगायचे. "दोन डिग्री आहे. तासाभरात कर. फोनवर बोलत बसू नको."

पण खरी गंमत अशी, की वाटलेले मासे बहुतेक सगळे बाबूने धरलेले असायचे. साहेबांच्या गळाला कधी एखादी शेरी लागे, कधी छोटा हामूर. सुरमई कधीच नाही. सहा मोसम झाले, सुरमई नाही. बाबूला याचं त्यांच्यापेक्षा जास्त वाईट वाटायचं. एका शुक्रवारी साहेबांना बोटीत डुलकी लागली. बाबूने पिशवीतून एक सुरमई काढली, हळूच त्यांच्या गळाला अडकवून पाण्यात सोडली आणि ओरडला, "सर! सर! लग गया!"

साहेब धडपडत उठले. ओढली. केवढा तो आनंद! मी टाळ्या वाजवल्या. नाखुदाने 'माशाल्ला' म्हटलं. मग साहेबांचा हात सवयीने खिशाकडे गेला. सळई माशाच्या पोटात शिरली. ते बराच वेळ थर्मामीटरच्या काट्याकडे बघत राहिले.

"बाबू," ते म्हणाले, "ये मछली समुंदर का नहीं है. ये रूम नंबर तीन का है. मायनस दो."

नाखुदा इतका हसला की त्याला बोट थांबवावी लागली.

मी त्यांना एकदा विचारलं होतं, की सर, तुम्ही खात नाही, तुम्हाला पोहता येत नाही, मग हे कशासाठी? त्यांनी हातातली दोरी बोटाभोवती गुंडाळली. मग म्हणाले, "आमच्याकडे विहिरीत दोर सोडला की बादली यायची. काय येणार ते ठाऊक असायचं. इथं दोर सोडला की काय येणार ते कुणालाच ठाऊक नाही. आठवड्यातनं एकदा बरं वाटतं रे." सहाही खोल्यांचं तापमान दर तासाला लिहून ठेवणारा हा माणूस. 

सातव्या वर्षी बाबू जायला निघाला. कायमचा. मुलीचं लग्न ठरलं होतं, गावात दोन खोल्या बांधून झाल्या होत्या. "खलास, सर. बहुत हो गया," तो म्हणाला. तिकीट ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातलं. म्हणजे मोसम उघडायच्या महिनाभर आधी. बाबू नियम ओळखून होता, त्यामुळे त्याने बर्फही मागितला नाही.  पण साहेब त्या आठवड्यात तीनदा बीचवर गेले, जसं काही पाण्याला दया येईल.

गुरुवारी दुपारी ते माझ्या टेबलाशी आले. "उद्या पहाटे. दोन पेट्या बर्फ भर."

"सर, पाणी बत्तीस आहे!"

"ठाऊक आहे. थर्मामीटर माझाच आहे."

आम्ही चौघं उजाडता उजाडता अजमानहून निघालो. वारा पडलेला. समुद्र तेलासारखा सपाट. सूर्य वर आला तो तापूनच आला. पहिले दोन तास छान गेले. बाबूने चार हामूर काढले, सहा-सात शेरी काढल्या. एक पेटी मासे आणि आमिषाच्या तारल्यांनी भरली. दुसरी पेटी साहेबांनी उघडूच दिली नाही. लांबलचक, पांढरी, स्वच्छ. "ही सुरमईची," ते म्हणाले. बाबू माझ्याकडे बघून गालात हसला.

मग इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

नाखुदाने झाकण उघडलं, काहीतरी ठोकलं, दोरी ओढली. "मा फी मुश्किल," तो म्हणाला, म्हणजे काही अडचण नाही. अर्ध्या तासाने पुन्हा तेच म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा त्याने आमच्याकडे बघितलं नाही. त्याच्याकडे मोबाईल होता, पण रेंज नव्हती. किनारा दिसत नव्हता. पाण्याची ओढ आम्हाला सावकाश बाहेर नेत होती. मला उलट्या सुरू झाल्या होत्या. मी तोंड पुसत म्हटलं, "पाणी द्या."

बाबूने फळीखाली हात घातला. मग दुसऱ्या बाजूला घातला. पाण्याचा कॅन नव्हता.

"कॅन मी उतरवला," साहेब म्हणाले. "पेटी मावत नव्हती. परत चढवायचा राहिला. जेट्टीवर आहे."

 मला आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा राग आला. सुरमई ठेवायच्या पेटीसाठी आमचं पाणी! ती सुरमई, जी सहा वर्षांत आली नाही! मी बोलणारही होतो, पण साहेबांचा चेहरा बघितला. त्यांचे ओठ कोरडे पडले होते आणि ते माझ्याकडे अगदी सरळ बघत होते, की बोल, मी ऐकून घेतो. 

त्यांनी लांब पेटी उघडली. बर्फाचा एक ठोकळा बाबूच्या सुऱ्याने फोडला आणि पहिला तुकडा मला दिला. "चघळ. गिळू नको एकदम. आपल्या प्लांटचा आहे, गोड्या पाण्याचा." दुसरा नाखुदाला. तिसरा बाबूला. "आपल्याकडे पाणी आहे," ते म्हणाले, "फक्त घट्ट आहे." मग झाकण लावून त्यावर स्वतःचा शर्ट काढून अंथरला, वर ताडपत्री टाकली, आणि बनियनवर, टक्कल उन्हात तापवत, पेटीला टेकून बसले. दर वीस मिनिटांनी चार तुकडे. त्यांचा तुकडा सगळ्यांत लहान असायचा हे बाबूच्या लक्षात आलं. एकदा त्याने त्यांच्या हातातला तुकडा काढून घेतला आणि स्वतःचा ठेवला. साहेब म्हणाले, "बाबू." बाबू म्हणाला, "सर." तोच 'गप बसा'वाला सूर. साहेबांनी खाल्ला.

वेळ जावा म्हणून बाबूने साहेबांच्या गळाला तारली लावून दोरी सोडली होती. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. अकराच्या सुमाराला ती दोरी अशी काही सुटली की साहेबांच्या हाताचं कातडं सोललं.

"सर, छोडो! छोडो! अब पकडो! अरे, खींचो सर!"

पंधरा मिनिटं तरी चाललं. मी उलट्या विसरलो. नाखुदा इंजिन सोडून उभा राहिला. बाबूचे दोन्ही हात दोरीच्या बाजूला हवेत धरलेले, पण त्याने दोरीला स्पर्श केला नाही. आणि मग पाण्यातून ती वर आली. चांदीच्या पट्टीसारखी, अंगावर आडवे पट्टे, चांगली माझ्या कमरेपर्यंत येईल एवढी. बाबूने ती ओल्या गोणपाटावर घेतली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. तो रडतही होता आणि हसतही होता. "सर! असली है! कसम से, असली है!"

साहेबांनी पेटीवरच्या शर्टाच्या खिशातून सळई काढून तिच्या कल्ल्याशी टेकवली. "एकतीस," ते म्हणाले. "आहे. समुद्राचीच आहे."

मग त्यांनी लांब पेटीचं झाकण उघडलं. आत बर्फ निम्मा उरला होता, खाली वितळलेलं पाणी. त्यांनी त्या बर्फाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. माशांची पेटी ठासून भरलेली होती आणि तिच्यात ही मावणारही नव्हती. मासा आत गेला तर ते पाणी आमचं राहणार नव्हतं.

"छोड दो," साहेब म्हणाले.

"सर?"

"बाबू, छोड दो. जल्दी. अभी जिंदा है."

"सर, एक घंटा ऐसे ही रखेंगे! गीला कपडा डालेगा!"

"बत्तीस डिग्रीत? तासाभरात विष होतं सुरमईचं. मग ती ना आपली, ना समुद्राची." हे ते मराठीतच बोलले, पण बाबूला कळलं.

बाबूच्या बापजाद्यांनी कधी हाती आलेला मासा परत सोडला नसेल. त्याने गळ काढला, किती सांभाळून काढला, जसा बाळाच्या कानातला डूल काढावा. मग तिला पाण्यात धरून दोनदा पुढेमागे हलवलं. तिने शेपटीचा एक फटका मारला, आमच्या तोंडावर पाणी उडवलं आणि गेली.

कुणी काही बोलायच्या आत साहेबांनी बर्फ फोडला. चार तुकडे. या वेळी सारखे.

आणि त्यानंतर, मोजून वीस मिनिटांनी, एक मोठी मच्छीमार बोट आमच्याकडे वळली. भोंगा वाजवत आली. तिच्यावर पाणी होतं, चहा होता, आणि बर्फ तर एवढा होता की दहा सुरमया मावल्या असत्या. नाखुदाने कपाळावर हात मारला. बाबू साहेबांकडे बघायलाच तयार नव्हता. साहेबांनी त्या बर्फाकडे बघितलं, खिशाकडे हात नेला, आपण बनियनवर आहोत हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते हसायला लागले. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग बाबू हसला. मग आम्हाला ओढून नेणाऱ्या बोटीवरचे लोकही कारण न कळता हसायला लागले. दोरी बांधून आम्हाला अजमानपर्यंत आणलं. पाण्याचा कॅन जेट्टीवर उभा होता. साहेबांनी त्याचं तापमान घेतलं. एक्केचाळीस.

ऑफिसात कुणाचा विश्वास बसला नाही. सहा वर्षांनी सुरमई मिळाली आणि सोडून दिली? मॅनेजर म्हणाला, "इन्शाल्ला, पुढच्या वेळी व्हेल सोडा." साहेब वाद घालत नसत. पण बाबू गोदामभर फोर्कलिफ्ट थांबवून थांबवून सांगायचा. शनिवारी सुरमई कमरेएवढी होती, सोमवारपर्यंत ती त्याच्या खांद्याला लागली. मीही तिला खाली उतरवलं नाही.

मंगळवारी दुपारचं विमान होतं. कामाच्या वेळात साहेब कोल्ड स्टोअर सोडून कधी कुठे गेले नव्हते, त्यामुळे मीच बाबूला सोडायला निघालो. पिकअपमध्ये त्याचे दोन खोके, दोरीने आवळलेले, वर ब्लँकेट. गाडी सुरू करतो तर शेजारचं दार उघडून साहेब आत बसले. बाबू मधे सरकला.  रस्त्यात एकदा साहेबांनी एसीच्या झरोक्यासमोर सळई धरली आणि परत ठेवून दिली.

विमानतळावर बाबूने त्यांच्याशी हात मिळवला. साहेबांनी हात सोडला आणि खिशातून एक कागद काढला. तापमानाच्या नोंदीचा कागद, मागच्या कोऱ्या बाजूला देवनागरीत काहीतरी लिहिलेलं. मला नंतर कळलं, की कॅफेटेरियातल्या मलबारी आचाऱ्याकडे ते महिनाभर चहाच्या सुट्टीत जाऊन बसत होते. त्यांनी चष्मा लावला, घसा खाकरला आणि बार्शीच्या हेलात दोन-तीन वाक्यं मल्याळममध्ये वाचली. मधे एकदा अडखळले, मागे जाऊन पुन्हा वाचलं. आजूबाजूच्या रांगेतले चार-पाच मलबारी वळून बघायला लागले.

बाबू तोंड उघडं टाकून ऐकत होता. मग त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत हसत आपल्या खोक्यावर बसला आणि दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून बसूनच राहिला. साहेबांनी कागदाची घडी करून त्याच्या मांडीवर ठेवली आणि ते वळून गाडीकडे चालू लागले, झपझप, जसं काही कुठल्या खोलीचं तापमान चढत होतं.

मी बाबूला उठवलं, खोके ट्रॉलीवर चढवले. "क्या बोला सर ने?" मी विचारलं.

बाबूने कागद पासपोर्टमध्ये ठेवला आणि बाहीने डोळे पुसले.

"मालूम नहीं साब," तो म्हणाला. "एक भी वर्ड समझ में नहीं आया. लेकिन बराबर बोला."